तिसरा खिसा

१५ जून २०२२ ला पहिली-दुसरीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. गळ्यात पडला असंच म्हणतो, कारण तेव्हा मला तसंच वाटलं होतं. बारा वर्षं सहावी-सातवीला गणित शिकवण्यात गेलेली. ऑनलाइन बदलीत बीड जिल्ह्यातली, बालाघाटच्या माथ्यावरची एक द्विशिक्षकी शाळा मिळाली. मुख्याध्यापकांनी तिसरी-चौथी स्वतःकडे ठेवली. "पहिलीला खरं तर बाईच पाहिजे," असं ते स्वतःशी बोलल्यासारखं माझ्यासमोरच म्हणाले. मला राग आला नाही. माझंही मत तेच होतं.

पहिला दिवस झकास गेला. फुगे, बैलगाडीतून मिरवणूक, पायाला कुंकू लावून कागदावर ठसे, नवी पुस्तकं, गोडाचं जेवण. रडारड सुरू झाली दुसऱ्या दिवसापासून. पहिलीची १५ आणि दुसरीची ११, अशी २६ लेकरं एका खोलीत. ही मुलं अंगणवाडीत जायच्या वयाची होती तेव्हा, मार्च २०२० पासून, सगळं कुलूपबंद होतं. पाच-दहा परक्या मुलांत बसायचं कसं, आपला नंबर येईपर्यंत थांबायचं कसं, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. दुसरीची मुलंही शाळेत नवखीच म्हणायची. एका मुलाने आठ दिवस पाठीवरचं दप्तर काढलं नाही. काढलं की घरी जाता येणार नाही, असा त्याचा हिशोब असावा.

आणि मी काय करत होतो? "हाताची घडी, तोंडावर बोट." सातवीच्या वर्गाला पुरणारा आवाज सहा वर्षांच्या पोरांवर वापरत होतो.

चौथ्या-पाचव्या दिवसाची गोष्ट. तांड्यावरची, म्हणजे बंजारा वस्तीवरची, एक मुलगी दोनदा माझ्या टेबलापाशी आली, गोरमाटी या त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. मला कळलं नाही. "जागेवर बस," एवढं म्हणून मी फळ्याकडे वळलो. थोड्या वेळाने सतरंजीवर ओल पसरली. ती मान खाली घालून बसलेली. दुसरीतली एक पोरगी उठून म्हणाली, "सर, ती कवाची सांगायलीय तुम्हाला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, माहिती होती. त्यामुळे जास्तच लागलं. मुलीला खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे दिलं, सतरंजी मी धुतली. त्या दिवशी फळ्यावर पुढे काही लिहिलं नाही.

मुलांची नावं इथे मुद्दाम देत नाही. ती आता मोठी झालीत आणि त्यांना वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोलात बसवलं आणि विचारलं, शू लागली की तुमच्याकडे काय म्हणतात? आधी सगळे खिदळले, मग एकेक सांगू लागले. वाडीवरचे शब्द वेगळे, तांड्यावरचे वेगळे. "एकीला जाऊ?" हेही कुणाला तरी माहीत होतं. शेवटी ठरलं की करंगळी दाखवायची, दाराकडे बघायचं आणि जायचं. विचारायचंच नाही. त्या वर्गाचा पहिला नियम तो. पुढे आणखी नियम झाले, सगळे मुलांनी केलेले. मी फक्त चित्रं काढून भिंतीवर लावायचो. नळावर ढकलायचं नाही. दुसऱ्याची पेन्सिल चाटायची नाही. खिचडी खाऊन झोपलेल्याला उठवायचं नाही. या शेवटच्या नियमावर एक मोठी चर्चा झाली, कारण एक जण रोज झोपायचा आणि बाकीच्यांना ते पटत नव्हतं. "त्याची आई पहाटं उठती, मग त्यो बी उठतो," असं त्याच्या शेजाऱ्याने सांगितल्यावर नियम पास झाला.

तेव्हा पहिलीसाठी 'विद्याप्रवेश' नावाचा तीन महिन्यांचा खेळातून तयारी करून घेण्याचा कार्यक्रम आला होता. त्यातलं बरंच वापरलं, बरंच सोडलं. त्याच्या पुस्तिकेत वर्ग एका इयत्तेचा असतो आणि मुलं एका भाषेची असतात.

मला खरा आधार झाला तो एका टांगलेल्या कापडाचा. जुन्या चादरीला दोन मोठे खिसे शिवून घेतले. एकावर घराचं चित्र, एकावर शाळेचं. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी केली. सकाळी आलं की आपली चिठ्ठी घरातून काढायची, शाळेत टाकायची. सुरुवातीला नावाशेजारी चित्र होतं: कुणाचं पान, कुणाचा बैल, कुणाची छत्री. पंधरा दिवसांनी मी चित्रं कापून टाकली. एका सकाळी चांगलाच गोंधळ उडाला, चार जणांनी दुसऱ्याचीच नावं शाळेत नेली. मग भांडणातून वाचन सुरू झालं. "हे माझं न्हाई, माझ्यात शेपटी हाय." शेपटी म्हणजे उकार. मुळाक्षरांचा तक्ता घोकून जे महिनाभरात झालं नसतं, ते स्वतःचं नाव दुसऱ्याच्या हातात बघून आठवड्यात झालं. ऑगस्टमध्ये बहुतेकांना निदान दहा मित्रांची नावं ओळखू येत होती.

त्याला जोडून हिशोब. रोज एक जण दोन्ही खिसे मोजायचा आणि पळत स्वयंपाकघरात जाऊन मावशींना आकडा सांगायचा. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. म्हणजे आकडा चुकला की कुणाच्या तरी ताटाला चटका. मावशी एकदम गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, "तेवीस नक्की? मग तीन गेले कुठं?" पोरगं परत वर्गात, घरचा खिसा मोजून, परत स्वयंपाकघरात. वजाबाकीचा पाठ मी वेगळा घेतलाच नाही म्हटलं तरी चालेल. सहावी-सातवीत ज्यांना हातच्याची वजाबाकी येत नाही अशी मुलं मी बारा वर्षं पाहिली होती. त्यांच्या वजाबाकीतून कधी कुणाचं जेवण ठरलं नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात आलं.

तक्त्याची गंमत वेगळीच. भिंतीवरच्या छापील तक्त्यात भ भाकरीचा. मी भाकरीवर बोट ठेवलं, तर तांड्यावरची मुलं म्हणाली, "बाटी." वाडीची मुलं हसली. बाटी म्हणजे भाकरीच. मग मी ब खाली 'बाटी' लिहिलं. पुढे आला य. तक्त्यात यज्ञ. आमच्या वाडीत यज्ञ कुणी पाहिलाय? पण याडी तांड्यावर घरोघर आहे. य याडीचा, म्हणजे आईचा, असं लिहिलं. ती सतरंजीवाली मुलगी उठून फळ्यापर्यंत आली, त्या शब्दावर हात ठेवला आणि परत जागेवर जाऊन बसली. दोन महिन्यांत ती आपणहून फळ्यापाशी आलेली पहिल्यांदाच बघत होतो. वाडीवरची पोरं नंतर आठवडाभर एकमेकांना "तुझी याडी कुठंय?" असं विचारत फिरत होती. त्यात चिडवणं किती आणि नव्या शब्दाची मजा किती, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

सकाळचा गोल मात्र बरेच दिवस जमला नाही. जुन्या मोज्यात चिंध्या भरून चेंडू केला होता. ज्याच्या हातात चेंडू, त्याने बोलायचं. बोलणारी पाच-सहाच, तीच ती. दप्तर न काढणारा मुलगा चेंडू घ्यायचा, मांडीवर ठेवायचा, थोडा वेळ त्याच्याकडे बघायचा आणि पुढे द्यायचा. तीन आठवडे. मी आधी "बोल की, बोल," म्हणायचो. नंतर गप्प राहायला शिकलो. मला ते फार अवघड गेलं, हे कबूल करतो. वर्गात शांतता झाली की ती भरून काढायची खोडच असते मास्तरांना.

एका सोमवारी तो म्हणाला, "आमची शेळी व्यायली."

दुसरं काही नाही. पण सगळा गोल त्याच्याकडे वळला. किती? दोन. रंग? बोकड का पाठ, म्हणजे मादी? मी पुस्तक मिटलं. मधल्या सुट्टीनंतर आम्ही सगळे त्याच्या घरी. त्याच्या आजीची तारांबळ उडाली, तिला वाटलं काही चुकलं की काय. करडं ओली-ओली, पाय थरथरत होते. एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका. मी विचारलं, एक शेळी आणि दोन करडं, पाय किती? एक जण बराच वेळ मोजून म्हणाला, "बारा. पण एक करडू बसलंय, म्हणून आठ." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परत आल्यावर मुलांनी सांगायचं आणि मी फळ्यावर लिहायचं, असं ठरलं. "शेळी व्यायली. दोन करडं झाली. एकाच्या कपाळावर टिकली हाय. ते लई उड्या मारतंय." जसं सांगितलं तसंच लिहिलं. मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणाले, "अहो, 'लई' काय, 'खूप' लिहा की." त्यांचं चूक नव्हतं, वरच्या वर्गात तेच पोरांना खोडत बसणार होते. पण मी 'लई' ठेवलं. आणि त्या फळ्यावरचा जो शब्द सगळ्यात आधी सगळ्यांना वाचता आला, तो 'लई'च. दोन अक्षरं आणि वर हसू.

करडाचं नाव ठेवायला मतदान घेतलं. प्रत्येकाला एक चिंचोका. 'टिकली'च्या वाटीत १४, 'चांदी'च्या वाटीत ९. दहाचा एक ढीग करून वर चार, हे सगळ्यांनी दोन-दोनदा मोजून पाहिलं. चांदी हे नाव त्या मुलाने स्वतः सुचवलेलं. तो हरला आणि घरी गेल्यावर चांदीच म्हणत राहिला. शेळी त्याची होती. लोकशाहीला तिथे काही इलाज नव्हता.

मग दसरा आला.

आमच्या भागात दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी गाव रिकामं व्हायला लागतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. साखर कारखाने पेटले की टोळ्या निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मजूर मोजायची रीत. मोठी मुलं आजी-आजोबांजवळ राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय असते. पण पहिलीचं लेकरू? मी घरोघर जाऊन सांगितलं, ठेवा इथे. एक आई म्हणाली, "सर, एवढं लहान लेकरू कुणाच्या जिवावर ठेवू? आन् तिकडं बारकीला कोण धरंल?" सहा वर्षांच्या मुलीने कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, धाकटीला सांभाळायचं, तेव्हा आई मोळ्या बांधू शकणार. शिक्षण हक्काचा कायदा मला पाठ आहे. त्या दारात उभं राहून तो म्हणून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

"आम्ही जायलोत," असं गोलात चेंडू धरून एकेकाने सांगितलं. नऊ जण. शेळीवाला मुलगाही, सतरंजीवाली मुलगीही. मी नऊ शिक्षण हमी कार्डं भरून दिली. हे कार्ड दाखवलं की जिथे जाल तिथल्या शाळेत बसवून घेतात. तिथली शाळा उसाच्या फडापासून किती लांब असते, हे कार्डावर लिहिलेलं नसतं.

डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर टीप लिहा, असा प्रश्न हमखास असायचा. कुरणशाळा हा शब्द मी तेव्हा पाठ केला होता. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली, एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या, गोधड्यांच्या वर बसलेली माझी पोरं हात हलवत गेली, तेव्हा तो शब्द आठवला. मी वाडीतच राहिलो. माझा पगार वाडीत निघतो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. त्या दिवशी मोजायची पाळी दुसरीतल्या एका मुलीची. तिने मोजलं, "शाळेत सतरा, घरी नऊ." आणि मावशींकडे पळणार, तोच मागून एक मुलगा ओरडला, "घरी कुठंयत? त्यांच्या घराला कुलूप हाय."

ती थांबली. माझ्याकडे बघू लागली. सगळेच बघू लागले. मी म्हणालो, मग कुठे ठेवायच्या त्यांच्या चिठ्ठ्या? एकाने सुचवलं, काढून टाका. त्याला दोघी-तिघींनी गप्प केलं. "परत आल्यावर कुठून आणायची?" हा प्रश्न बिनतोड होता. मग तोच कुलूपवाला मुलगा म्हणाला, "कारखान्याचा खिसा करा."

खिसा मावशींनी तांदळाच्या पोत्याचा शिवला. त्यावर काय काढायचं यावर वाद झाला. ऊस, ट्रॅक्टर की कोयता? दुसरीतला एक मुलगा मागच्या साली जाऊन आलेला. त्याच्या शब्दाला वजन. त्याने धुराडं काढलं, वर काळा धूर, आणि खाली एवढीशी कोपी. नऊ चिठ्ठ्या त्या खिशात गेल्या. तेव्हापासून रोज तीन खिसे मोजायचे आणि तिसऱ्यातली नावं मोठ्याने वाचायची. जी पोरं समोर होती, त्यांची नावं एव्हाना पाहूनच कळत होती. नसलेल्यांची मात्र वाचावी लागत होती.

रात्री आठनंतर कधीमधी फोन लागायचा. टोळी परतलेली असायची, चुली पेटलेल्या असायच्या, रेंज असली तर असायची. शेळीवाल्याचा एक आवाजी निरोप आला. नुसता वारा, आणि शेवटी, "सर, चांदी केवढी झाली?" तो मी वर्गात लावला. चार वेळा लावावा लागला. मग केवढी झाली हे सांगायचं कसं, यावर डोकी चालली. हाताने दाखवलं तर फोनमध्ये कसं दिसणार? शेवटी शनिवारी सकाळची शाळा सुटताना आजीच्या गोठ्यात जाऊन करडाच्या पायापासून पाठीपर्यंत सुतळी धरायची, तिथे कापायची आणि ती त्याच्या चिठ्ठीला बांधून खिशात ठेवायची, असं ठरलं. दर शनिवारी करडू धरायला चार जण लागायचे आणि पाच जण पडायचे.

याच दरम्यान एक साहेब भेटीला आले. चांगला माणूस, पोरांशी प्रेमाने बोलले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पटावरची नऊ मुलं नाहीत, हे भिंतीवर टांगून जाहिरात कशाला करता? उद्या कुणी फोटो काढला तर?" माझ्या भल्याचंच सांगत होते. मी मान डोलावली आणि खिसा तिथेच ठेवला.

२२ मार्च २०२३ ला पाडवा झाला आणि त्या आठवड्यापासून ट्रॉल्या परत येऊ लागल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आठ जण आले. नवव्याचे आईवडील तिकडेच दुसऱ्या कामावर थांबले. पोरं काळवंडलेली, केस पिंगट, हातांवर पाचटाचे ओरखडे. हमी कार्डं ज्या घडीत दिली होती त्याच घडीत परत आली. शेळीवाल्याला सुतळ्यांचा गुंता मिळाला. सोळा तुकडे. तो काही बोलला नाही, खाली बसला आणि फरशीवर एकेक लावू लागला. सगळ्यात आखूड भिंतीला, मग त्याच्याहून लांब. बाकीचे भोवती उभे. दोन सुतळ्या सारख्याच लांबीच्या निघाल्या, तेव्हा म्हणाला, "ह्या शनवारी चांदीला बरं नसंल." दुसऱ्या कुणीतरी "टिकलीला" अशी दुरुस्ती केली.

सतरंजीवाली मुलगी दोन दिवसांनी आली. अक्षरं बरीच गेली होती. स्वतःचं नाव ओळखलं, 'याडी' ओळखलं, बाकी नुसती बघत राहिली. आपली चिठ्ठी कारखान्यातून काढून शाळेत टाकली आणि तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, काय गं? ती म्हणाली, "तिची न्हाई."

कुणाची? तिने एक नाव सांगितलं. आमच्या वाडीत, तांड्यावर त्या नावाची मुलगीच नाही. कुठली ती? "आमच्या शेजारच्या कोपीतली." गाव? माहीत नाही. जिल्हा विचारण्यात अर्थच नव्हता. पाच महिने दोघी आपापल्या धाकट्यांना कडेवर घेऊन एकत्र हिंडलेल्या. हिने तिला आमच्या खिशांबद्दल सांगितलं होतं म्हणे, आणि "तुझी बी करायला लावते" असं कबूल केलं होतं.

पत्रिकेचा तुकडा कापला, नाव लिहिलं. ते तिने दोन्ही हातांनी धरून कारखान्याच्या खिशात टाकलं, त्या नवव्या मुलाच्या चिठ्ठीशेजारी.

दुसऱ्या दिवशी मोजायची पाळी कुलूपवाल्या मुलाची. शाळेत चोवीस, घरी एक, कारखान्यात दोन. बेरीज केली, सत्तावीस. मी म्हणालो, आपला पट सव्वीस आहे, बघ परत. त्याने परत मोजलं. बोटांवर मोजलं, चिंचोके मांडून मोजलं. "सत्तावीसच भरतात, सर." मी हजेरीत पट २६ लिहिला. त्याने फळ्याच्या कोपऱ्यात २७ लिहिलं आणि चोवीस ताटांचं सांगायला मावशींकडे पळाला.